चौदावे कारण

भाषांतराच्या व्यवसायात एक गोष्ट लवकर ध्यानात येते. जो शब्द आपल्याला सहज सापडतो, तोच पुष्कळदा आपल्याला फसवितो. 'डिमेन्शिया' या शब्दासाठी मराठीत 'स्मृतिभ्रंश' हा प्रतिशब्द आता रूढ झाला आहे. शब्द भारदस्त आहे, गीतेच्या दुसऱ्या अध्यायाइतका जुना आहे. मात्र तेथे तो क्रोधाने विवेक सुटलेल्या माणसाविषयी येतो, आजाराविषयी नव्हे. घरात आपण हा शब्द वापरीत नाही. घरात आपण 'म्हातारचळ' म्हणतो, नाहीतर 'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून मोकळे होतो. हिंदीत 'सठियाना' आहे. त्याच्याही मुळाशी साठच आहेत. शेजारच्या मेजावर बंगाली मजकूर पाहणाऱ्या माझ्या सहकारी भगिनीने 'भीमरती' हा शब्द मला सांगितला. सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या सातव्या महिन्यातील सातवी रात्र ती भीमरती, आणि तिच्यानंतर माणसाची बुद्धी चळते, अशी तिकडची जुनी समजूत. बंगालने सतरा वर्षांची सवलत अधिक दिली एवढेच! अभिप्राय मात्र तिन्ही भाषांचा एकच, की हे वयाबरोबर यायचेच. त्याला इलाज नाही आणि त्यात कोणाचा दोषही नाही.

ही समजूत खरी नाही, हे मी २०२४ साली एका लेखाचा अनुवाद करताना वाचले होते. वाचले होते, मराठीत उतरविलेही होते. कळले मात्र नव्हते.

त्या लेखाचा आधार होता 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाचा त्याच वर्षीचा अहवाल. जगभरच्या संशोधनाची छाननी करून या मंडळाने असे अनुमान काढले की, काही विशिष्ट कारणे दूर करता आली, तर स्मृतिभ्रंशाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पंचेचाळीस जणांचा आजार टळू शकेल किंवा निदान लांबणीवर पडू शकेल. २०१७ साली अशी नऊ कारणे सांगितली होती, २०२० साली बारा, आणि आता चौदा. बालपणी शिक्षण कमी मिळणे. पुढे मध्यम वयात वाढलेला रक्तदाब, मधुमेह, रक्तातील घातक कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, अति मद्यपान, हालचालीचा अभाव, डोक्याला झालेली इजा, दीर्घकाळची खिन्नता. आणि उतारवयात एकटेपणा, दूषित हवा व उपचारांवाचून राहिलेली दृष्टीची मंदता. आपण मोजीत असाल, तर ही तेराच झाली. चौदावे मी गाळले होते.

गाळण्यामागे हेतू काही नव्हता. पाने ठरलेली होती, मजकूर अर्ध्या रकान्याने वाढत होता, आणि श्रवणशक्तीवरचा परिच्छेद सर्वांत लांब होता. त्यात ध्वनीची एकके होती, कानाच्या आतील रचनेचे वर्णन होते. कमी ऐकू येणे हा काय एवढा मोठा विषय, अशा समजुतीने मी तो उचलून बाजूला ठेवला. मथळ्यात 'चौदा कारणे' हे शब्द तसेच राहिले. मुद्रितशोधनातही ते कोणाच्या नजरेस आले नाही.

आले ते अण्णांच्या. माझे वडील ग्वाल्हेरला पस्तीस वर्षे गणित शिकवीत होते. मी ज्यात काही केले असेल तो प्रत्येक अंक ते पेन्सिल घेऊन वाचतात. दिवाळीला मी घरी गेले, तेव्हा तो अंक त्यांनी माझ्यापुढे ठेवला. समासात बारीक अक्षरात लिहिले होते : 'तेराच भरतात.' मी म्हटले, "एक राहिले, अण्णा. जागा नव्हती." त्यावर त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हो, हवा यंदा बरी आहे."

आम्ही हसलो. दादा हसला, वहिनी हसली, मीही हसले. अशा असंबद्ध उत्तरांची घराला सवय होऊन वर्ष-दोन वर्षे झाली होती. जेवताना काही बोलणे निघाले आणि अण्णांनी "काय म्हणालात?" असे विचारले की, घरातील कोणीतरी "काही नाही" म्हणत असे. ही दोन शब्दांची टाळणी प्रत्येकाच्या ओठांवर इतकी तयार असे की, कोण म्हणाले हेही कळू नये. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. तीच गोष्ट तीनदा सांगायची, तीही मोठ्याने, आणि सांगून झाल्यावर ती सांगण्याजोगी नव्हती असे वाटायचे. त्यापेक्षा "काही नाही" सोपे. हळूहळू अण्णांनी विचारणेच सोडले. ते लवकर जेवून उठू लागले. संध्याकाळी फूलबागेकडे फिरायला जाणाऱ्या मित्रमंडळींत जाणे प्रथम एक दिवसाआड झाले, मग थंडीचे निमित्त झाले, मग थांबले.

त्याच वर्षी डिसेंबरात तानसेन समारोहाचे शंभरावे वर्ष होते. हा उत्सव १९२४ सालापासून चालत आलेला. हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी, तिच्याजवळच्या चिंचेच्या झाडाजवळ थंडीत घोंगडी पांघरून अण्णांनी किती रात्री काढल्या असतील, याचा हिशेब त्यांच्यापाशीच असेल. त्या शंभराव्या समारोहाला ते गेले नाहीत. "आता त्यात मन रमत नाही," म्हणाले. आईने मला दिल्लीला फोन केला, आणि प्रथमच तो शब्द उच्चारला. 'स्मृतिभ्रंश' नव्हे; दुसरा, घरातला.

जानेवारीत आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. दवाखान्यात गर्दी होती, पंखा घरघरत होता, आणि डॉक्टर तरुण असून तोंडावर मुखपट्टी बांधून हळू आवाजात बोलत होते. त्यांनी विचारले, "आज तारीख कौन-सी है?" अण्णांनी नम्रपणे उत्तर दिले, "जी, लश्कर में, दाल बाज़ार के पीछे." दादाने माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी आम्हा दोघांच्या मनात निदान होऊन गेले होते.

डॉक्टरांच्या मनात मात्र झाले नव्हते. त्यांनी पंखा बंद करविला, मुखपट्टी खाली केली, खुर्ची अण्णांच्या समोर ओढली आणि सावकाश, स्पष्ट शब्दांत सांगितले की, शंभरातून सात वजा करा आणि वजा करीत जा. अण्णा म्हणाले, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट," आणि थांबून विचारले, "आगे भी जाऊँ?" तारीख त्यांना बिनचूक माहीत होती, विचारले काय आहे हे तेवढे माहीत नव्हते. नेहमी दुसरा प्रश्न कोणता येतो याचा अंदाज बांधून ते उत्तर देत होते. घरीही वर्ष-दोन वर्षे तेच चालले होते.

सगळेच निर्मळ निघाले असे मी सांगणार नाही. लक्षात ठेवायला दिलेल्या तीन शब्दांपैकी एक त्यांना पाच मिनिटांनी आठवला नाही. रक्ततपासणीत ब-१२ जीवनसत्त्व फार कमी आढळले. ते कमी झाले म्हणजेही विस्मरण होते, आणि ते भरून काढता येते. थायरॉईडचा विकार आणि मनाची खिन्नता यांनीही स्मृती मंदावते, म्हणून त्यांचीही तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आज हा स्मृतिभ्रंश नाही. वर्षाने पुन्हा या. पण आधी कान पाहा. त्याच बैठकीत त्यांनी सहज म्हणून दादाचा रक्तदाब मोजला. दादा चव्वेचाळीस वर्षांचा, बांध्याने सडसडीत. आयुष्यात कधी रक्तदाब मोजून घेतलेला नाही. वरचा आकडा १५४ निघाला. अण्णांच्या शेजारी बसलेला खरा रुग्ण मध्यम वयाचा होता, हे आम्हाला तेथे कळले.

ही मध्यम वयाची गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. आल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली ज्या स्त्रीच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले, ती इस्पितळात आली तेव्हा अवघी एकावन्न वर्षांची होती. म्हणूनच पुढे कितीतरी वर्षे हा तरुणपणी होणारा दुर्मिळ रोग मानला गेला, आणि वृद्धांचे विस्मरण हे नुसते वार्धक्य. तेच बदल वृद्धांच्याही मेंदूंत असतात, हे १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील संशोधकांनी दाखवून दिले. आता एवढे निश्चित झाले आहे की, विस्मरण दिसू लागण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून मेंदूत हे बदल सुरू झालेले असतात. त्यांच्या जोडीला रक्तदाबाने व मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या की, दोन्ही दुखणी एकमेकांस हात देतात. म्हणून चाळिशीपासून वरचा रक्तदाब १३० किंवा त्याखाली राखावा, असा लॅन्सेटच्या मंडळाचा सल्ला आहे. पापड, लोणची, शेव यांचे मीठ आम्ही अण्णांच्या ताटातून काढीत होतो. काढायला हवे होते ते दादाच्या आणि माझ्या.

आता कानाविषयी, म्हणजे गाळलेला परिच्छेद.

वयाबरोबर येणारा बहिरेपणा बहुधा तार स्वरांपासून सुरू होतो. बोलण्यातील स्वर, आ, ओ, ऊ, हे खालच्या कंपनांचे आणि ठसठशीत; स, श, त, थ, फ यांसारखी व्यंजने वरच्या कंपनांची आणि क्षीण. त्यामुळे अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. 'पाट', 'ताट' आणि 'काठ' हे त्याच्या कानाला एकच. म्हणूनच तो "ओरडू नका, मला ऐकू येते" असे म्हणतो, आणि खरेच सांगत असतो. अर्धामुर्धा आलेला शब्द पुरा करण्यात मेंदूची शक्ती खर्ची पडते. तो लक्षात ठेवण्यासाठी उरते ती थोडी. वर्षानुवर्षे असे चालले म्हणजे ज्या भागांना ध्वनीचे खाद्य मिळत नाही, ते भाग सुस्तावतात. आणि तिसरी गोष्ट मी वर सांगितलीच : माणूस पंगतीतून उठून जातो. श्रवणदोष हा मध्यम वयापासून लागू होणाऱ्या कारणांपैकी सर्वांत वजनदार दोहोंपैकी एक आहे, दुसरे कोलेस्टेरॉल. या दोहोंचा वाटा सारखाच, शंभरात सुमारे सात-सात रुग्णांचा, या अहवालात धरला आहे.

यंत्र लावले की रोग टळला, असेही नाही. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वर्षांच्या ९७७ माणसांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना श्रवणयंत्रे व ती वापरण्याचे मार्गदर्शन मिळाले, निम्म्यांना केवळ आरोग्यविषयक सल्ला. सर्वांचा एकत्र हिशेब केला तेव्हा बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. परंतु ज्यांचे वय अधिक आणि हृदयरोगाचा धोकाही अधिक, अशांच्या गटात यंत्रे वापरणाऱ्यांची घसरण ४८ टक्क्यांनी मंद आढळली. म्हणजे ज्याचे छप्पर आधीच गळत आहे, त्याला ताडपत्रीचा उपयोग अधिक.

आमच्या घरी ताडपत्री प्रथम चुकीचीच आली. दादाने एका दुकानातून स्वस्तात एक यंत्र आणले. ते सर्वच आवाज सारखे मोठे करी. ताटल्यांचा खणखणाट अण्णांच्या डोक्यात जाई, आणि वहिनीचे बोलणे पूर्वीइतकेच अस्पष्ट राही. चार दिवसांत ते खणात गेले. नंतर रीतसर तपासणी झाली. एका बंद खोलीत कानाला ध्वनिपट्टा लावून बसवितात, आणि बारीक शीळ ऐकू आली की कळ दाबायची. या तपासणीवरून कोणते स्वर किती उणे आहेत याचा आलेख निघतो, आणि त्या आलेखाप्रमाणे यंत्र जुळवितात. त्यानंतरही तीनदा जाऊन ते कमीजास्त करून घ्यावे लागले, आणि सवय व्हायला दोन महिने गेले. आपल्या घरी कोणी "यंत्राचा उपयोग होत नाही" म्हणत असेल, तर या तिन्ही फेऱ्या झाल्या आहेत काय, ते पाहावे. कानात मळ दाटला असला तरी ऐकू कमी येते, तेव्हा तोही आधी काढून घ्यावा; गरम तेल मात्र ओतू नये. अनेक जिल्हा रुग्णालयांत कान तपासण्याची सोय आहे. गरीब कुटुंबांतील ज्येष्ठांसाठी २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्राचा समावेश आहे, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या १४५६७ या दूरध्वनी क्रमांकावर चौकशी करता येते.

आपण विचाराल, शब्दकोडी आणि बदाम यांचे काय? पुष्कळ वाचक पत्रांतून हेच विचारतात. बदाम खावेत, परवडत असतील तर; कोडी सोडवावीत, आवडत असतील तर. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वर्षांच्या १,२६० माणसांवर दोन वर्षे झालेल्या प्रयोगात आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबादिकांवर लक्ष, असे सर्व एकत्र दिले, तेव्हा त्या गटाची कामगिरी दुसऱ्या गटाहून सरस ठरली. ते निष्कर्ष २०१५ सालचे. एकट्या बदामाला ते श्रेय कोणी दिलेले नाही.

भाषेविषयी मात्र एक गोष्ट माझ्याने सांगितल्यावाचून राहवत नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडल्याचे त्यांना दिसले. विशेष म्हणजे निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला. म्हणजे तो शाळेचा नव्हे, बोलण्याचा गुण. तेलुगू, दख्खनी, हिंदी एकाच बाजारात बोलणारे ते शहर अशा अभ्यासाला योग्यच. या एका अभ्यासावरून कायदा बसविता येणार नाही, सर्वत्र तसेच आढळलेले नाही. तरी महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनी, घरी मराठी आणि दारी हिंदी, कानडी किंवा गुजराती, याचा संकोच मानण्याचे कारण नाही एवढे खचित.

शाळेचे महत्त्व त्यामुळे उणे होत नाही. भारतात साठीच्या पुढील माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लक्ष, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक. ज्या मुलींना पाटीऐवजी कडेवर धाकटे भावंड मिळाले, त्या आज सत्तरीत आहेत. माझी आजी त्यांतलीच होती. तिचे शेवटचे दिवस आम्ही 'चळ' या एका शब्दात गुंडाळून ठेवले; त्याविषयी अधिक लिहिणे मला आज जमणार नाही.

स्वतःविषयी एवढेच सांगते की, मी आगगाडीत कानाला लावायचे यंत्र अजून वापरते, पण आवाज अर्ध्यावर ठेवते. ऐंशी डेसिबल आवाज आठवड्यातून चाळीस तासांपेक्षा अधिक ऐकू नये, ही जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा मी अनुवादात गाळली होती, ती आता भिंतीवर लावली आहे.

गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ साली, अण्णा समारोहाला गेले. मी, दादा आणि भाचा असे बरोबर होतो. गाणे सुरू होताच त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवले. यंत्रातून तंबोरा पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा वाजतो, अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती खरी असावी. ही यंत्रे बोलण्यासाठी घडविलेली असतात, गाण्यासाठी नव्हे. पूर्वीचे गाणे त्यांना परत मिळालेले नाही. मध्यंतरात मात्र यंत्र पुन्हा कानात गेले, आणि जुन्या मंडळींशी वाद सुरू झाला.

परत येताना आम्ही गजक घेतली आणि रिक्षात बसलो. वाटेत भाचा आपल्या मोबाइलकडे पाहत काहीतरी पुटपुटला. अण्णांनी विचारले, "काय म्हणाला?" दादाच्या ओठांवर "काही" एवढे आलेही होते. त्याने ते गिळले. भाच्याने तोंड वळवून पुन्हा सांगितले, की गजकवाल्याने पैसे कमी परत दिले. अण्णांनी भाव विचारला; तीनशे साठ रुपये किलो. वजन विचारले, पाऊण किलो. पाचशेची नोट दिली होती, दोनशे चाळीस परत आले होते.

"दोनशे सत्तर झाले. दोनशे तीस परत यायला हवेत," अण्णा म्हणाले. "दहा जास्त आलेत." आणि त्यांनी रिक्षा मागे वळवायला सांगितली.